क्योटोची बाग, परभणीची भेंडी

ऑगस्ट 1994मध्ये चोविसावी आंतरराष्ट्रीय फलोद्यान परिषद जपानच्या क्योटो शहरात भरली. अशा परिषदांत शोधनिबंधांच्या जोडीला स्थळदर्शनही असतेच. आपल्याकडे त्याला सहल म्हणतात. परतल्यावर चार फोटो दाखवले की विषय संपतो. पण शेतीच्या अभ्यासकासाठी क्योटोत तरी मंदिर पाहणे हा अभ्यासच आहे.

र्‍योआन-जी मंदिराची दगडी बाग सगळेच पाहतात. पांढर्‍या खडीत पंधरा दगड. ओसरीवर बसले तर सगळे एकदम दिसत नाहीत. माझ्या मते शिकण्यासारखे जास्त आहे ते साइहो-जीत. झेन गुरू मुसो सोसेकी यांनी 1339मध्ये या मंदिराला नवे रूप दिले. आज ओळखीचे असलेले शेवाळ मात्र पुढे, बागेची आबाळ झाली तेव्हा आपसूक पसरले. त्याच्या सुमारे 120 जाती तिथे आहेत. शेवाळाला खरी मुळे नसतात, पाणी ते अंगानेच पिते. म्हणून हवा ओलसर हवी आणि वरचा पालापाचोळा हलक्या हाताने झाडायला हवा. गर्दी त्याला सोसत नाही. 1977पासून तिथे आगाऊ परवानगीशिवाय प्रवेश नाही. क्योटोत वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परभणीत हजाराच्या आत. इथे तशी बाग करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, आणि तेही टँकरच्या.

परभणीचा धागा शेवाळात सापडत नाही, तो मंदिराच्या सरकत्या कागदी दारांत सापडतो. हा कागद तुतीच्या कुळातल्या कोझो झाडाच्या सालीपासून करतात. लगद्यातले तंतू तळाशी बसू नयेत, सारखे पसरावेत, म्हणून पाण्यात एक चिकट रस घालतात. तो येतो तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांतून. पिवळ्या फुलांचे हे झाड म्हणजे ॲबेलमॉशस मॅनिहॉट, आपल्या भेंडीचे भावंड. भेंडी चिरताना बोटांना लागणारा बुळबुळीतपणा त्याच घराण्यातला.

याच जातीच्या नावाने नोंदलेल्या रानभेंडीचा पुसा सावनी या भेंडीच्या वाणाशी संकर करून परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने 1980च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे वाण दिले. पांढरी माशी पसरवते त्या हळद्या रोगाने पुसा सावनीची पाने पिवळी पडून पीक हातचे जात होते. रोगाला तोंड देण्याची ताकद आली ती रानातल्या नातलगाकडून. म्हणून परदेशी बागेत फिरताना झाडाखालची पाटी वाचावी, हे माझे म्हणणे आहे. शोभेचे झाड कुणाच्या तरी पिकाचा आप्त असू शकते.

हे विद्यापीठ 18 मे 1972ला स्थापन झाले. तिथेही परिषदा होतात, पाहुणे येतात. त्यांना प्रक्षेत्र दाखवून लगेच रेल्वे स्टेशन गाठून देण्यापेक्षा जिंतूर तालुक्यातले चारठाणा दाखवावे. तिथली जुनी मंदिरे, कोरीव स्तंभ आणि पायर्‍यापायर्‍यांची बारव पाहिली की पाण्याचा हिशेब देवळाशी कसा बांधला होता ते कळते. दुसर्‍या बाजूला गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. दोन्ही एका दिवसात कोंबू नयेत, धावपळ होते. निवड करायची तर मी चारठाणा घेईन, तेही मार्चनंतर, कारण पाणी उतरल्यावरच बारवेच्या खालच्या पायर्‍या नीट पाहता येतात.