विश्लेषण : लिहायला बसले की हात का आखडतो? कागलच्या ‘गोतावळा’त सापडणारे उत्तर

मोबाइलच्या नोट्समध्ये अर्धवट सोडलेली कथा, चार ओळी लिहून पुसलेली पोस्ट, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली कविता. लिहावेसे वाटणाऱ्या बहुतेकांकडे असा साठा असतो. वेळ मिळत नाही, हे नेहमीचे कारण. पण रील्स पाहण्यात रात्री तासभर जातो, तेव्हा वेळ असतोच. मग अडते कुठे?

चालढकल म्हणजे आळस नव्हे

मानसशास्त्रज्ञ फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडले की, चालढकलीचा संबंध वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याशी अधिक आहे. काम समोर आले की ‘जमणार नाही’ अशी धास्ती वाटते. ते बाजूला सारले की लगेच बरे वाटते. मन त्या बरे वाटण्याला सोकावते. दुसऱ्या दिवशी धास्ती तेवढीच असते, वर अपराधीपणाची भर.

कोल्हापुरात या धास्तीला आणखी एक पदर आहे, भाषेचा. घरी ‘काय करालाईस?’ म्हणणारा मुलगा लिहायला बसला की ‘तू काय करत आहेस?’ असे लिहितो. वाक्य शुद्ध होते, पण त्यातले माणूस निघून जाते. वाचताना ते त्यालाच खोटे वाटते आणि तो ठरवून टाकतो, आपल्याला लिहिता येत नाही. खरे तर नापास झालेली असते ती उसनी भाषा.

यादवांनी काय केले?

कागलच्या शेतकरी कुटुंबात १९३५ मध्ये जन्मलेल्या आनंद यादव यांना शाळेसाठीच घरात झगडावे लागले. ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत ती झुंज आहे. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी १९७१ मध्ये त्यांची ‘गोतावळा’ आली. मळ्यावरचा गडी नारबा ती सांगतो. मालक ट्रॅक्टर आणतो आणि नारबाची जिवाभावाची जनावरे एकेक करून दूर होतात. हे सगळे नारबाच्या बोलीत. प्रमाण मराठी येत नव्हती म्हणून नव्हे; यादव पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख झाले. हे दुःख नारबाच्याच तोंडून सांगण्याजोगे होते, एवढेच.

पट्टणकोडोलीचे शंकर पाटील याच मातीतले. त्यांच्या कथांतली माणसे चावडीवर बोलावीत तशी बोलतात, आणि ते १९८५ मध्ये नांदेडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अर्थात बोली घातली की कथा आपोआप जमते असे नाही. नुसता ‘रांगडा’ शब्दांचा तडका मारलेले लेखनही भरपूर दिसते.

मूड येईपर्यंत थांबावे का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. एका गटाने लिहिणे टाळायचे, दुसऱ्याने मूड येईल तेव्हा लिहायचे, तिसऱ्याने ठरल्या वेळी लिहायचेच. या तिसऱ्यांनी चुकवले, तर त्यांच्याच पैशांचा चेक त्यांना न आवडणाऱ्या संस्थेला जाणार! सक्तीच्या गटाची पाने तर वाढलीच, पण नव्या कल्पनाही त्यालाच सर्वाधिक सुचल्या. प्रयोग लहान आहे, त्यावरून नियम बांधू नये. तरी ‘आधी सुचू दे, मग लिहीन’ या सबबीला तो छेद देतो. इंजिनिअरिंग केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल: पहिल्याच रनला कोड चालत नाही, एरर दिसल्यावरच दुरुस्ती सुरू होते.

हाताशी असलेला उपाय

कोरा स्क्रीन पाहून धास्ती वाटत असेल, तर आधी बोला. मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून प्रसंग मित्राला सांगावा तसा सांगा, मग ऐकून उतरवा. ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळवणारे वि. स. खांडेकरही दृष्टी गेल्यावर कोल्हापुरात लेखनिकाला मजकूर सांगूनच लिहीत. वेळ ठरलेली ठेवा, वीस मिनिटेही चालतील. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी तपासा आणि संवादातले ‘करालाईस’ तेवढे तसेच राहू द्या.