एक खाडी, सात महापालिका

नवी मुंबईतल्या पावणे गावाच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे आणि पश्चिमेला, कोपरखैरण्याच्या वसाहतीपलीकडे, ठाण्याची खाडी. डोंगरावरून उतरणारे पाणी टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या नाल्यांतून याच खाडीला मिळते. १९६०च्या दशकात इथे कारखाने उभे राहू लागले, तेव्हापासून त्यांच्या सांडपाण्याने खाडी गाठली. त्यांच्या मालाने मात्र कधी गाठली नाही. पिंप, पोती, यंत्रांचे सुटे भाग सगळे ट्रकने ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाते.

कायद्याने पाहिले तर हा भाग एका राष्ट्रीय जलमार्गाच्या शेजारी आहे. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातल्या १११ जलमार्गांची यादी केली. तिच्यात ५३ व्या क्रमांकावर कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी आणि उल्हास नदी अशी एकत्र नोंद असून लांबी १४५ किलोमीटर दिली आहे. साष्टी बेटाला वळसा घालणारे हे पाणी कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे, नवी मुंबई, मुंबई, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार अशा सात महापालिकांच्या काठांना लागते. त्यावर भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचे लक्ष. जेट्ट्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, खारफुटी कांदळवन कक्षाकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, मुखाकडचे पाणी मुंबई बंदराकडे आणि पूल ज्याने बांधला त्याच्याकडे. यांतला प्रत्येक जण आपापले काम करतो. पण धारेत किती पाणी उरले, गाळ कुठे साचला आणि तो काढायचा खर्च कोणी द्यायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायची कायमची बैठक नाही. माझ्या मते या जलमार्गाचे घोडे पैशापेक्षा इथेच जास्त अडले आहे.

ही खाडी एके काळी खरोखरच दोन राज्यांमधली सीमा होती. साष्टी पोर्तुगीजांकडे होती आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली. तिथे आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आपल्या माणसांसह होता. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी दबाव आणून त्याला तिथून काढून घेतले. त्यांची धास्ती समजण्यासारखी होती. कल्याणहून दर्याला जायच्या वाटा दोनच, एक वसईखालून आणि दुसरी ठाण्यावरून, आणि दोन्हींवर त्यांचे किल्ले होते. मुंबईच्या इंग्रजांची अडचण नेमकी उलट बाजूने होती. कल्याणच्या बाजारपेठेकडे निघालेल्या त्यांच्या पडावांकडून पोर्तुगीज ठाण्याला जकात मागत आणि त्यावरून गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळापासून तंटे चालत. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी साष्टी आणि वसई घेतली, तेव्हा दोन्ही काठ एका सत्तेखाली आले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि खाडी पुन्हा सीमा झाली, ती पेशवाई बुडेपर्यंत. म्हणजे या पाण्यावर दोन सरकारांनी शेजार करण्याचा प्रश्न साडेतीनशे वर्षांहून जुना आहे.

१८५४ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला गेली आणि माल हळूहळू रुळांवर चढला. मचव्यांकडे मीठ, विटा, रेती उरली. मुंब्र्याचे रेतीबंदर हे नाव त्या धंद्याची खूण सांगते. पुढे वाशीला १९७३ मध्ये आणि ऐरोलीला १९९९ मध्ये रस्त्याचे पूल झाले.

पुलांवरून ऱ्हाइन नदीचा उल्लेख करणे भाग आहे. १८१५च्या व्हिएन्ना परिषदेत या नदीसाठी एक आयोग नेमला गेला आणि १८६८च्या मानहाइम करारावर त्याचे काम आजही स्ट्रासबुर्गहून चालते. पाच देश त्याचे सदस्य आहेत. नदीवर नवा पूल बांधायचा, तर त्याखालून नौका जाऊ शकेल का हे आयोगापुढे तपासले जाते. आपल्याकडे पूल आधी येतो आणि नौकेचा विचार मागाहून.

त्याहून जवळचा धडा बांगलादेशाबरोबरच्या करारात आहे. १ नोव्हेंबर १९७२ रोजी दोन्ही देशांनी अंतर्देशीय जलवाहतूक आणि व्यापाराच्या प्रोटोकॉलवर सह्या केल्या. एकमेकांच्या नद्यांतून ठरलेल्या मार्गांनी जहाजे जातात आणि नेमलेल्या बंदरांवर थांबतात. २०२० मध्ये मार्ग आठांचे दहा झाले. मला यातली सर्वांत मोलाची बाब गाळाची वाटते. सिराजगंज-दैखावा आणि आशुगंज-झाकीगंज हे मार्ग खोल करायचे ठरले, तेव्हा खर्चाचा ८० टक्के वाटा भारताने आणि २० टक्के बांगलादेशाने उचलायचे ठरले. गाळ बांगलादेशाच्या हद्दीतला, पण तो निघाल्याचा मोठा लाभ आसाम आणि ईशान्येच्या मालाला. म्हणून ज्याचा लाभ मोठा त्याचा वाटा मोठा. हद्द कोणाची, हा प्रश्न तिथे खर्चाच्या आड आला नाही.

ठाणे आणि कळव्याच्या मधली चिंचोळी धार बुजत गेली, तर नुकसान एकट्या ठाण्याचे नाही. नवी मुंबईहून कल्याणकडे जायची पाण्याची वाटच बंद होते. मग तिचा खर्च ठाण्याच्याच माथी का? सातही महापालिकांनी आपापल्या लाभाप्रमाणे वाटा उचलावा, एवढी तरतूद कुठल्याही नव्या जेट्टीपेक्षा आधी हवी. कल्याण-ठाणे-वसई वाहतुकीच्या आराखड्यात ठाणे महापालिकेला पुढाकार दिला गेला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर अशा जेट्ट्यांची कामे त्यातून पुढे आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. एक काठ पालघर जिल्ह्यात, दुसरा ठाणे जिल्ह्यात; रस्त्याने तीस किलोमीटरहून अधिक पडणारा वळसा ती वाचवते. राज्याराज्यांतली अडचणही कमी होते आहे. १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आणि एका राज्यातली नौकेची नोंदणी देशभर ग्राह्य झाली.

तरीही पावण्याच्या बाजूची खाडी घाईने उपसायला माझा विरोध आहे. ऐरोली ते वाशी हा पट्टा रोहित पक्ष्यांचा. त्याला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ओहोटीला उघडी पडणारी दलदल हेच त्या पक्ष्यांचे ताट आहे, आणि निवट्या-चिंबोऱ्या धरणाऱ्या कोळ्यांचेही. वाहतूक आधी उल्हासच्या बाजूला वाढावी. इकडे पहिले काम नाल्यांतून येणारे सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडण्याचे, आणि त्याचा हिशेब कारखाने आणि महापालिका यांच्याबरोबर समोरच्या मुंबईच्या काठानेही द्यायला हवा, कारण भरती-ओहोटीचे पाणी दोन्हीकडची घाण सारखीच फिरवते.

खाडीशी संबंध असलेल्या या सगळ्यांचे एक संयुक्त मंडळ झाले, तर त्याने दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धारेची खोली मोजून नकाशा सर्वांसाठी खुला करावा. वाशीगाव, सारसोळे, दिवाळे इथल्या तांडेलांना भांगाच्या पाण्यात होडी कुठून काढायची हे ठाऊक असते. मोजणीच्या बोटीवर त्यांना मजुरी देऊन घ्यावे आणि मंडळात कोळी सोसायट्यांना मतासह जागा द्यावी.