मेकअप... पण चेहऱ्याचा नव्हे!

आमची धाकटी सातवीत आहे. परवा शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच आरशासमोर उभी राहिली. रोज 'आई, खायला काय?' म्हणत स्वयंपाकघरात शिरणारी मुलगी आज गप्प. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आई, मी खूप काळी आहे का गं?"

माझ्या काळजात चर्र झाले. तिने मुठीतली चुरगळलेली चिठ्ठी पुढे केली. तीनच शब्द होते, 'लेट्स मेक अप.' खाली तिच्या जिवलग मैत्रिणीची सही.

"मला मेकअप करायला सांगते आहे! परवा सगळ्या वर्गासमोर 'यू मेड इट अप' म्हणाली, मुली हसल्या. आता हे!"

मला राग आला. ही मैत्रीण आमच्या रुआबांधा सेक्टरमध्येच दोन ओळी पलीकडे राहते. पायांत चपला सरकवल्या, म्हटले, हिच्या आईलाच विचारते. दारापर्यंत गेलेही. पण भिलाईत एवढी वर्षे काढल्यावर एक शहाणपण आले आहे. इथे एका ओळीत तेलुगू, मल्याळी, बंगाली, छत्तीसगढी आणि मराठी घरे नांदतात. एकाचा शब्द दुसऱ्याला वेगळाच ऐकू येतो, हे मी कितीदा पाहिले आहे. म्हणून परत फिरले आणि यांच्या डिप्लोमाच्या वेळचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश कपाटावरून खाली काढला.

आणि कपाळावर हात मारून घेतला!

एक शब्द, किती अर्थ!

वाचकहो, 'मेक अप' म्हटले की आपल्यापुढे पावडर, लिपस्टिक नि काजळ येते. पण शब्दकोशात अर्थांची रांगच लागली होती. भांडण झालेल्या दोघांनी पुन्हा गोडीने बोलू लागणे, म्हणजेच मेक अप. त्या चिठ्ठीचा सरळ अर्थ होता, 'चल, भांडण मिटवू या.' बिचारी मैत्री करायला आली होती आणि आम्ही मायलेकी तिच्याशी भांडायला निघालो होतो!

मग 'यू मेड इट अप'चे काय? तिथे अर्थ अगदी निराळा. 'हे तू मनाने रचून सांगतेस', म्हणजे थाप मारतेस. त्याचे असे झाले होते, की आमच्या लेकीने वर्गात सांगितले, "माझ्या आजोबांना रशियन आकडे येतात." मैत्रिणीला ते खरे वाटले नाही. आता, भिलाईचा कारखाना उभा राहिला तो 1955 साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. पुढच्या विस्ताराच्या कामातही रशियन तज्ज्ञ होते आणि माझ्या सासऱ्यांनी त्यांच्याबरोबर काम केले होते. पण आजच्या मुलींना हे कुठून ठाऊक असणार?

कारखान्यातला मेकअप

एवढ्यात हे पाळीवरून आले. सगळी हकिगत ऐकून हसू लागले. म्हणाले, "अगं, आमच्या कारखान्यात तर रोज मेकअप चालतो!"

झाले असे, की भट्ट्या आणि यंत्रे थंड ठेवायला पाणी सतत फिरवावे लागते. त्यातले काही वाफ होऊन उडून जाते, काही सोडून द्यावे लागते. जेवढे कमी झाले तेवढे नवे पाणी घालून भरती करतात. त्या पाण्याचे नावच मुळी मेक-अप वॉटर!

मग मलाही आठवू लागले. हावडा-मुंबई मार्गावरची गाडी उशिरा सुटली, तर दुर्ग स्टेशनावर कोणीतरी म्हणतेच, "काळजी नको, नागपूरपर्यंत टाइम मेक अप करेल." म्हणजे गेलेला वेळ भरून काढील. वर्तमानपत्राच्या कचेरीत मजकूर, चित्रे आणि जाहिराती जुळवून पान लावतात, त्यालाही पानाचा मेकअप म्हणतात.

नीट पाहिले तर या सगळ्यांत एक धागा आहे. उणे असेल ते भरणे आणि सुटे असेल ते जुळवणे. पाणी उणे झाले, भरले. वेळ गेला, भरून काढला. मने तुटली, जुळवली. गोष्ट नव्हती, ती जुळवून रचली. अन् चेहऱ्याला जे कमी वाटले, ते रंगाने पुरे केले!

शेजारचा शब्द बघा

इंग्रजीत क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असे चिमुकले शब्द जोडून नवाच अर्थ तयार होतो. यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. परक्यांना ही क्रियापदे फार जड जातात, हे इंग्रजीचे प्रसिद्ध कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 सालीच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. तेव्हा आपली मुले अडखळली तर त्यांना रागावू नये.

अर्थांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा एक सोपी युक्ती सांगते. 'मेक अप'च्या शेजारी कोण बसले आहे ते पाहायचे. शेजारी 'विथ' असेल तर दिलजमाई, जसे 'मेक अप विथ युवर सिस्टर'. 'फॉर' असेल तर भरपाई, 'मेक अप फॉर द लॉस'. 'मेड अप ऑफ' आले तर कशाचे बनले आहे ते सांगायचे असते, जसे आपला वर्ग चाळीस मुलींचा. 'माइंड' आले तर मनाशी पक्के ठरवणे. 'स्टोरी' किंवा 'एक्सक्यूज' आले तर खुशाल समजावे, थाप आहे!

आणखी एक. 'ते' म्हणजे 'इट' वापरायचे झाले तर ते मधे बसते. 'मेक इट अप' म्हणायचे, 'मेक अप इट' नाही. आणि नाम असेल तेव्हा जोर 'मेक'वर पडतो, क्रियापद असेल तेव्हा 'अप'वर.

आपली मराठी काय कमी आहे?

ही इंग्रजीचीच खोड आहे असे मात्र समजू नका. आपले 'जमणे' घ्या. अंगणात माणसे जमतात, बँकेत पैसे जमतात, मुलीचे लग्न जमते, गाण्याची मैफल जमते, एखाद्या दिवशी भाजी फक्कड जमते आणि एखाद्या शेजारणीशी मात्र काही केल्या जमत नाही! यांची यादी आपल्याला कोणी पाठ करून घेतली होती का? कानांवर वाक्ये पडत गेली आणि अर्थ आपोआप कळत गेले.

'अप'चेही तसेच. 'ईट अप'मधला 'अप' वर जायला सांगत नाही, काम पुरते करायला सांगतो. आपण 'दूध पिऊन टाक' म्हणतो, तेव्हा कुठे काही टाकायचे असते? मी मराठी माध्यमात शिकले. इंग्रजीचा अभ्यास घ्यायची वेळ आली की मागे सरत असे. त्या संध्याकाळी प्रथमच वाटले, की लेकीला हे समजवायला माझी मराठी पुरेशी आहे.

मुलीने सगळे ऐकले, डोळे पुसले आणि चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहिले, 'येस, लेट्स मेक अप. बट आय डिड नॉट मेक इट अप!' एकाच ओळीत दोन्ही अर्थ, अगदी बिनचूक.

रविवारी ती मैत्रीण घरी आली. आजोबा खुर्चीत बसून 'आदीन, द्वा, त्री' म्हणत होते आणि दोघी पोरी त्यांच्या मागोमाग म्हणत होत्या. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्या दिवशी दारातून परत फिरले नसते, तर हे आकडे आमच्या घरात घुमले नसते.