गंज पेठेतला फुलेवाडा

पुण्याच्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे राहते घर आहे. कागदोपत्री ते राज्य संरक्षित स्मारक. चळवळीतल्या माणसांसाठी मात्र ती समता भूमी.

या बैठ्या, कौलारू घराचे मोठेपण त्याच्या हौदात आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर अस्पृश्यांना मज्जाव होता, त्या काळात १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर ५९ वर्षांनी झाला. समतेवर लिहिणारे त्या काळीही होते. घरचे पाणी खुले करणारे फार थोडे. बाबा आढाव यांनी १९७० च्या दशकात चालवलेली ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ याच हौदाचा वारसा सांगते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी आत्मक्लेश उपोषण केले तेही याच वाड्यात.

जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. घराच्या आवारातच मिठात पुरावे, ही त्यांची इच्छा होती. वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. अंत्ययात्रेत पुढे धरायचे टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, सावित्रीबाईंनी धरले. अस्थी मात्र घरी आल्या; त्यांवर बांधलेले तुळशीवृंदावन वाड्यामागे आहे आणि अभिवादनाची रांग तिथवर जाते.

वाड्याचे वर्ष ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीने सुरू होते. १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन; प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये त्या गेल्या. सर्वाधिक गर्दी ११ एप्रिलच्या फुले जयंतीला होते. तीनच दिवसांनी आंबेडकर जयंती येते आणि जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी दोन्ही दिवस एकाच ओढीने पाळतात. २८ नोव्हेंबरला अखिल भारतीय महात्मा फुले समता परिषदेचा समता पुरस्कार इथे दिला जातो.

या सगळ्यांत वाड्याला सर्वात शोभणारा कार्यक्रम म्हणजे सत्यशोधक विवाह. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीविना लग्नाची रीत घालून दिली. जोतीरावांनी त्यासाठी स्वतः मंगलाष्टके रचली. त्यांत वधू-वर एकमेकांना वचन देतात आणि वधू आपल्या हक्कांबद्दल बोलते. आजही काही जोडपी लग्नासाठी हा वाडा निवडतात. पुतळ्याला घातलेल्या हारापेक्षा हे अभिवादन कितीतरी खरे आहे.

अडचण जागेची आहे. वाडा दाट वस्तीत, अरुंद गल्ल्यांत आहे. जयंतीला नेत्यांचे ताफे आले की लांबून आलेली माणसे, त्यांत लेकरे कडेवर घेतलेल्या बाया, खोळंबतात. सावित्रीबाईंचे स्मारक जवळच आहे, पण मध्ये लोकांची घरे आहेत. दोन्ही स्मारके जोडून परिसर वाढवण्याची योजना सरकार आणि महापालिकेने पुढे आणली आहे. गर्दी पाहता ती गरजेचीच आहे. पण त्यासाठी ज्यांची घरे जातील, त्यांत कष्टकरी कुटुंबे आहेत, भाडेकरूही आहेत. त्यांचे रोजगार, मुलांच्या शाळा, उधारीवर माल देणारे दुकान, सारे याच पेठेत आहे. शहराच्या कडेला मिळालेल्या खोलीने त्याची भरपाई होत नाही. भाडेकरूंसह प्रत्येक कुटुंबाला याच परिसरात पक्के घर द्यावे आणि ते ताब्यात मिळाल्यावरच पाडकामाला हात घालावा.