आळंद शोधलं, आळंदी सापडली

ज्ञानेश्वरांची आळंदी पुणे जिल्ह्यात, आणि आळंद हे कलबुर्गी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माणूस या दोन गावांची गल्लत करणार नाही. पण विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची लांबलचक यादी एक्सेलमध्ये उघडा, शेजारच्या रकान्यात =फाइंड("आळंद",ए2) हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढा; आळंदच्या विद्यार्थ्यांबरोबर आळंदीचेही विद्यार्थी हजर होतात. सीमाभागातल्या शाळा-महाविद्यालयांत, बँकांत आणि तालुका कचेऱ्यांत याद्यांवर काम करणाऱ्यांनी हे असं का होतं ते एकदा मुळापासून समजून घ्यावं, असं मला फार वाटतं. त्यात आपल्या लिप्यांबद्दलचं एक सुंदर सत्य दडलेलं आहे.

फाइंड हे फंक्शन एकच काम करतं. दिलेला मजकूर सेलमधल्या मजकुरात कितव्या जागेपासून सुरू होतो, तो आकडा ते सांगतं. सापडलं नाही तर #व्हॅल्यू! अशी चूक दाखवतं. त्याचं भावंड म्हणजे सर्च. रोमन लिपीत फाइंड मोठी आणि लहान अक्षरं वेगळी मानतं, सर्च मानत नाही. देवनागरीत हा भेदच नसल्यामुळे आपल्या दृष्टीने सर्चचं मोल दुसऱ्याच गुणात आहे: त्यात प्रश्नचिन्ह कोणत्याही एका चिन्हाच्या जागी चालतं. यादीत कुणी 'बीदर' लिहिलं असेल, कुणी 'बिदर', तर "ब?दर" शोधलं की दोन्ही हाती येतात.

आता 'बसवकल्याण' या शब्दात "कल्याण" शोधा. उत्तर येतं 4. ते आपल्यालाही पटतं. पण पूर्ण शब्दाची लांबी लेन या फंक्शनला विचारली तर ते 9 सांगतं. आपण मोजतो ब, स, व, क, ल्या, ण अशी सहा अक्षरं. संगणक मात्र 'ल्या'ची चार चिन्हं धरतो: ल, हलन्त, य आणि काना. त्याच्यासाठी अक्षर ही वस्तूच नाही. युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे आणि शोध चालतो तो या क्रमांकांचा. आळंद म्हणजे 2310, 2355, 2306, 2342. आळंदी म्हणजे हेच चार क्रमांक आणि पुढे दीर्घ वेलांटीचा 2368. पहिली माळ दुसरीत जशीच्या तशी बसते, म्हणून फाइंड बिनदिक्कत 1 हे उत्तर देतं. उपाय सोपा आहे. गावाच्या नावापुढे स्वल्पविराम येत असेल तर "आळंद," असं त्याच्यासकट शोधावं, आणि नाव शेवटी आलं तरी चुकू नये म्हणून सूत्रात ए2 ऐवजी ए2&"," लिहावं.

बीदर-कलबुर्गीच्या याद्यांत अशा जागा पावलोपावली आहेत. 'कमल' शोधलं तर बीदरचं कमलनगर आणि कलबुर्गीचं कमलापूर, दोन्ही तालुके निघतात. 'औराद' शोधलं तर बीदर जिल्ह्यातला औराद तालुका येतो आणि लातूरच्या निलंगा तालुक्यातलं औराद शहाजानीही येतं. 1956च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले, बीदर म्हैसूर राज्यात गेलं. पूर्वी एकाच जिल्ह्यात नांदणाऱ्या गावांची नावं आता दोन राज्यांच्या याद्यांत विखुरली आहेत. त्यात 1 नोव्हेंबर 2014 रोजी गुलबर्ग्याचं नाव अधिकृतपणे कलबुर्गी झालं. म्हणजे जुन्या-नव्या नोंदी एकत्र केल्या असतील तर दोन्ही नावं शोधल्याशिवाय शोध पुरा होत नाही.

पण खरी अडचण लिपीची. घरात मराठी, कचेरीत कन्नड. एकाच मुलीचं गाव एका कागदावर देवनागरीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये. देवनागरी 'आळंद' कन्नड यादीत शोधलं तर फाइंड नाही म्हणणार, कारण क्रमांक वेगळे. कन्नडमध्ये आळंद म्हणजे 3206, 3251, 3202, 3238. आता वरचे चार आकडे यांतून वजा करून पाहा. प्रत्येक वेळी उरतात 896.

हा योगायोग नाही. भारतीय लिप्या संगणकात आणताना आपल्या अभियंत्यांनी हेरलं की ब्राह्मीपासून निघालेल्या या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाची आहे. आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याची सी-डॅक इथे झालेल्या कामातून, ज्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा, सर्व लिप्यांना समान मांडणी देणारं इस्की हे प्रमाण पुढे आलं. 1991मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते आयएस 13194 म्हणून स्वीकारलं. युनिकोडने इस्कीच्या 1988च्या आवृत्तीवरून प्रत्येक लिपीला 128 जागांचा गट दिला आणि आतला क्रम बहुतांशी तसाच ठेवला. देवनागरीचा गट 2304 पासून सुरू होतो, कन्नडचा 3200 पासून. मधलं अंतर 896. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकाच कळीवर असण्यामागेही हाच विचार आहे. ळ हे अक्षरही दोन्ही गटांत आपापल्या समान जागी बसलेलं आहे. रोमन यादीत मात्र आळंदचा ळ साध्या ल मध्ये हरवून जातो.

म्हणून देवनागरी नाव कन्नड यादीत शोधायचं तर यूनिकोड या फंक्शनने चिन्हाचा क्रमांक काढायचा, त्यात 896 मिळवायचे आणि यूनिकॅर या फंक्शनने परत चिन्ह करायचं. ही दोन्ही फंक्शनं एक्सेल 2013पासून आहेत. मोकळी जागा, आकडे आणि विरामचिन्हं सोडून फक्त देवनागरी चिन्हांनाच ही बेरीज लावायची. बसवकल्याणची नऊच्या नऊ चिन्हं अशी कन्नडमध्ये उतरतात. बीदरचं कन्नड रूप शेवटी हलन्त घेतं, त्यामुळे ते एका चिन्हाने लांब आहे. तरी फाइंड ते शोधतं, कारण आळंदीत आळंद सापडतं तसंच हलन्त असलेल्या बीदरमध्ये साधं बीदर सापडतं. जो गुण मघाशी आड आला, तोच इथे कामी येतो.

भालकी या गावाच्या नावापाशी मात्र ही युक्ती थांबते. कन्नडमध्ये ल आणि क जोडून, शेवटी ऱ्हस्व वेलांटी देऊन ते नाव लिहितात. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचीही ऱ्हस्व-दीर्घ रूपं वेगळी आहेत, मराठीत नाहीत. शिवाय मराठीतला अर्धचंद्री र दोन तऱ्हांनी टंकता येतो. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन सेलमध्ये डोळ्यांना अगदी सारखं दिसतं, तरी क्रमांक वेगळे असल्यामुळे फाइंड हात वर करतं. श्रीलिपी किंवा नुडीसारख्या साधनांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या तर आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्याव्या लागतात, कारण पडद्यावर कन्नड किंवा मराठी दिसलं तरी आत क्रमांक भलतेच असतात.

अशा नावांसाठी एक छोटा तक्ता हाताने करून ठेवणं सर्वांत बरं: एका रकान्यात देवनागरी, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात रोमन, आणि चौथ्यात जुनी नावं. बीदर जिल्ह्याचे तालुके आठच आहेत. तेवढं काम एका दुपारी होतं, आणि पुढे प्रत्येक शोध त्या तक्त्यावरून चालवता येतो.