कालवांच्या खाडीचे राखणदार

कालव पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर तेही त्याच्या अंगात साठतात, आणि कालवं पुष्कळदा कच्चीच खाल्ली जातात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट उपसागरात कालवांची मोठी शेती आहे. त्याच उपसागरात काठावरच्या आर्काटा या सुमारे १८ हजार वस्तीच्या गावाचं सांडपाणी जातं.

१९७४ साली राज्याने उपसागरांत आणि खाड्यांत सांडपाणी सोडायला बंदी केली. सूट एकच: सोडलेल्या पाण्याने तिथल्या निसर्गाचं भलं होतं, हे सिद्ध करून दाखवा. परिसरातल्या सगळ्या वस्त्यांचं पाणी एका मोठ्या केंद्रात न्यायचं आणि प्रक्रिया करून थेट महासागरात सोडायचं, असा बेत ठरू लागला. आर्काटाला तो खर्चही पटेना आणि कल्पनाही. मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ॲलन तिथे शुद्ध केलेलं सांडपाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून सामन माशांची पिल्लं वाढवत होते. पर्यावरण अभियंता रॉबर्ट गियरहार्ट यांच्यासारखे जाणकार आणि गावकरी त्यांच्यासोबत उभे राहिले. अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर १९८६ मध्ये सांडपाणी शुद्ध करणारी गावाची स्वतःची पाणथळ पूर्णपणे कामाला लागली.

सुरुवातीची कामं कुठल्याही केंद्रातली. जाळीत चिंध्या आणि प्लॅस्टिक अडतं, वाळू खाली बसते, मग गाळ वेगळा होतो. पाण्यात विरघळलेली घाण मात्र उरतेच. ती तशीच नदी-खाडीत गेली तर तिच्यावर जगणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. म्हणून ही मेजवानी जिवाणूंना आधीच, उथळ तळ्यांत वाढली जाते. लागणारा प्राणवायू शेवाळ उन्हाच्या जोरावर पुरवतं.

पण आता पाणी हिरवं होतं. हे शेवाळ पुढे गेलं तर मरून, कुजून पुन्हा प्राणवायूच खाणार. आर्काटाची खरी करामत इथे आहे. तळ्यांतलं पाणी पाणकणीस आणि लव्हाळ्यांच्या दाट रानात सोडलं जातं. सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही, संथ पाण्यात ते तळाशी बसतं. बुडालेल्या देठांवर जिवाणूंचे थर चढलेले असतात, ते उरलीसुरली घाण खातात. शेवटी पाणी निर्जंतुक केलं जातं. क्लोरीन वापरलं तर तेही काढून टाकावं लागतं, कारण माशांना ते विषारी असतं.

ही पाणथळ उभी आहे ती लाकूड गिरण्यांच्या पडीक जागेवर, बंद पडलेल्या कचरा डेपोच्या शेजारी. आज तिथे माणसं फिरायला आणि पक्षी बघायला जातात. मला हे यश शुद्धीकरणाइतकंच मोठं वाटतं. सांडपाणी डोळ्यांआड गेलं की त्याची फिकीरही संपते. इथे ते रोज सगळ्यांच्या नजरेसमोर आहे.

आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने वनस्पतींच्या वाफ्यांतून सांडपाणी शुद्ध करणारी ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली आहे. विजेच्या बिलाने हैराण झालेल्या लहान नगरपालिकांनी तिचा गांभीर्याने विचार करायला हवा. जागा मात्र जास्त लागते आणि देखभाल टळत नाही: वाढलेली झाडी कापावी लागते, गाळ उपसावा लागतो.

आर्काटालाही अडचणी चुकलेल्या नाहीत. जोरदार पावसात जुन्या गटारांच्या भेगांतून पाणी शिरतं आणि केंद्रावरचा भार वाढतो. शिवाय केंद्र अगदी किनाऱ्यालगत, बांधाच्या आड आहे आणि समुद्राची पातळी वाढते आहे. बांध किती उंच करायचे आणि केंद्र किती वर्षं तिथे ठेवायचं, हा गावापुढचा पुढचा निर्णय आहे.