चौथा स्पीकर जोडण्यापूर्वी

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. अॅम्प्लिफायरला दोन स्पीकर जोडलेले होते. मागच्या रांगांना नीट ऐकू येईना, म्हणून आम्ही आणखी दोन आणले आणि त्याच तारांना जोडून टाकले. अर्धा तास आवाज छान आला. मग जळका वास आला आणि सगळे शांत झाले. असे का झाले याचे गणित खरे तर आम्ही दहावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर सोडवतो!

आमच्या प्रत्येक स्पीकरवर ‘८ ओहम’ असे लिहिले होते. हा त्याचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा विरोध. आवाजाच्या वारंवारितेप्रमाणे तो बदलतो, म्हणून ८ हा ढोबळ आकडा समजायचा.

आता समजा, अॅम्प्लिफायर १६ व्होल्ट विभवांतर देत आहे. एकच स्पीकर असेल तर धारा १६ ÷ ८ = २ अँपिअर आणि शक्ती ३२ वॅट. दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण संरोध ४ ओहम, धारा ४ अँपिअर, शक्ती ६४ वॅट. चार जोडले की संरोध २ ओहम, धारा ८ अँपिअर, शक्ती १२८ वॅट! अॅम्प्लिफायरवर तर ‘किमान ४ ओहम’ असे छापलेले होते. म्हणजे त्याला झेपेल त्याच्या दुप्पट धारा आम्ही मागत होतो. फ्यूज किंवा संरक्षक मंडल वेळीच तुटले तर ठीक, नाहीतर ट्रान्झिस्टर जळतात.

मग चार स्पीकर लावायचेच नाहीत का? लावता येतात. दोन-दोन स्पीकर एकसर जोडा. प्रत्येक जोडीचा संरोध १६ ओहम. या दोन जोड्या समांतर जोडल्या की एकूण ८ ओहम. अॅम्प्लिफायरवर भार एकाच स्पीकरइतका, आणि शक्ती चौघांत सारखी वाटली जाते.

मैदानावरच्या कर्ण्यांची पद्धत वेगळी. तारा लांब असल्याने ‘१०० व्होल्ट’ची लाइन वापरतात आणि प्रत्येक कर्ण्यात ट्रान्सफॉर्मर असतो. तेथे ओहम नव्हे, वॅट मोजायचे. १५ वॅटचे चार कर्णे म्हणजे ६० वॅट. अॅम्प्लिफायर त्याहून मोठा हवा. साधा ८ ओहमचा स्पीकर या लाइनला कधीही जोडू नये. तो जळेल. शिवाय १०० व्होल्टचा झटकाही बसू शकतो.

आणखी काही पथ्ये:

१. जोडणी करताना अॅम्प्लिफायर बंद ठेवा. सुरू करताना आवाजाची कळ शून्यावर असू द्या.

२. तारेचा एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका.

३. समांतर जोडणीत सर्व स्पीकरांच्या तारा लाल ते लाल, काळी ते काळी अशाच जोडा. उलटसुलट जोडल्यास जवळजवळचे दोन स्पीकर एकमेकांचा, विशेषतः खर्जाचा, आवाज कमी करतात.

४. स्पीकरच्या तारेला घरगुती दोन पिनांचा प्लग कधीही लावू नका. हे सर्वांत महत्त्वाचे. घाईत कोणी तो भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातला, तर स्पीकर जळेलच, पण दुसऱ्या टोकाची उघडी तार हातात धरलेल्या मुलाच्या जिवावर बेतेल.

‘स्पीकर वाढवले की अॅम्प्लिफायरवरचा भार वाढतो की कमी होतो?’ हा प्रश्न पुढच्या संमेलनाआधी वर्गात विचारून पाहा. उत्तर मुलांनीच गणित करून काढू द्या. आम्हीही आता आधी फळ्यावर गणित मांडतो आणि मगच तारा हातात घेतो.